पत्रावळी आणि नजर

परवा तिन्हीसांजेला शेजारच्या घरी कुणा लेकराची दृष्ट काढली असावी; सुक्या मिरच्या जळाल्याचा असा उग्र ठसका आमच्या बैठकीत शिरला की, माझ्या नातवंडांत बराच वेळ रंगलेला एक नीतिशास्त्रीय वाद त्या खोकल्यात विरून गेला. वादाचा विषय होता ‘एन्कान्टो’ या 2021 सालच्या डिस्नेच्या ॲनिमेशनपटातील ब्रुनोमामा. त्याला भविष्य दिसते. मग त्याने ते सांगावे की सांगू नये? थोरलीचे म्हणणे, पुढचे अरिष्ट दिसत असताना मौन धरणे हाच गुन्हा. धाकट्याचे म्हणणे, ‘तुझा मासा मरणार’ असे त्या बाईला सांगून मासा थोडाच वाचला, उलट मारल्याचा आळ मात्र मामावर आला.

अशा वादात आजोबांनी पंच व्हावे अशी अपेक्षा असते, आणि मलाही ती मानाची जागा आवडते. ‘अलादीन’मधला जिन मला त्यातल्या त्यात सज्जन वाटतो, कारण जीव घेणे, प्रेम उत्पन्न करणे आणि मेलेल्याला उठविणे या तीन गोष्टी आपल्या अखत्यारीबाहेरच्या आहेत, हे तो प्रथमच बजावतो. ‘फ्रोझन’मधल्या त्या वृद्ध ट्रोलविषयी मात्र माझे मत कलुषित आहे, लहानग्या ॲनाला न विचारता तिच्या स्मृतीतून बहिणीची जादू पुसून टाकण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? आपल्या ऋषींनीही बाल हनुमंताला स्वतःच्या बळाचे विस्मरण घडविले खरे (व्ही. जी. सामंतांच्या 2005 सालच्या ‘हनुमान’ चित्रपटामुळे ते मुलांना ठाऊक आहे), पण निदान त्यांनी शापाला उःशाप जोडला होता आणि जांबुवंताच्या तोंडून तो वेळेवर फळालाही आला.

हे सारे मी सांगत होतो. परंतु त्या ठसक्याने माझे चित्त केव्हाच राजुऱ्याच्या आमच्या जुन्या आळीत नेऊन सोडले होते.

त्या आळीच्या टोकाला एक म्हातारी पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावीत ओसरीवर बसलेली असे. सारे तिला बुढीमाय म्हणत. तिची नजर वाईट, असा लौकिक होता, आणि तो कोणी, केव्हा, कशावरून ठरविला याची नोंद कोणत्याही दप्तरी नव्हती. आम्ही पोरे हातात गुळपोळी घेऊन तिच्या दारावरून जाऊ लागलो की, कोणी काही बोलण्यापूर्वीच ती हातातले पान खाली ठेवी आणि भिंतीकडे तोंड करून बसे, आम्ही पुढे जाईतोवर. तिची चर्या मला आज आठवत नाही. तो फिरलेला पाठमोरा देह मात्र आठवतो, आणि ओसरीवर रचलेल्या पत्रावळींची ती चळतही आठवते. कारण गावातल्या लग्नाच्या पंगती याच बाईच्या हातच्या पत्रावळींवर उठत, आणि त्या वेळी अन्नाला बाध येत नसे.

आमच्या आईच्या दरबारात मिरच्यांची साक्ष निर्णायक असे. मिरच्या जळून ठसका आला नाही, तर दृष्ट जबर होती हे सिद्ध. आला, तर ती आता उतरली हे सिद्ध. आरोपी दोन्ही निकालांत तीच. याउलट आमचे आजोबा निजामी अमलात तहसील कचेरीत मोहरीर होते. राजुरा तेव्हा हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडे, वर्धा ओलांडली की बल्लारपूर आणि इंग्रजी अंमल. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा तालुका आदिलाबादेतून निघाला, पण आजोबांच्या जिभेवरची उर्दू काही निघाली नाही. धुऱ्याच्या तंट्यात कोणी सल्ला विचारायला आले की ते चष्मा पुसत एवढेच विचारीत, “शहादत?” साक्षीपुराव्यावाचून पानही न हलविणाऱ्या या गृहस्थाने बुढीमायच्या मामल्यात तो प्रश्न एकदाही विचारला नाही, याचा सल माझ्या मनात आजही आहे.

ब्रुनोची गोष्ट मला म्हणूनच सोसत नाही. बहिणीच्या लग्नात तो सहज म्हणाला की पाऊस येईलसे दिसते, आणि वादळ उठले. पुढे भाचीवर आळ येऊ नये म्हणून तो दहा वर्षे त्याच घराच्या भिंतींआड लपून राहतो, आणि घरच्या जेवणघराला लागून असलेल्या भिंतीपलीकडे, फटीतून आपली माणसे जेवताना दिसावीत अशा जागी, टेबलावर स्वतःसाठी एक ताट रंगवून ठेवतो. ते चितारलेले ताट पडद्यावर आले तेव्हा नातवंडे हसली. मी उठून पाणी प्यायलो.

त्या चित्रपटाशी माझे खरे भांडण मात्र शेवटाबद्दल आहे. घर कोसळते, गावकरी ते पुन्हा उभारायला धावतात, आजी मुलाला पोटाशी धरते, सारे यथास्थित. परंतु लग्नातल्या त्या पावसाबद्दल क्षमा मागतो तो ब्रुनोच, आणि मासेवालीपासून सगळे गाव निर्दोष सुटते. शिवाय ब्रुनोला काही तरी दिसत होते. शक्ती खरी असल्यामुळे ती निरुपद्रवी असल्याचे दाखविण्याची सोय कथेत होती. बुढीमायजवळ शक्तीच नव्हती. नसलेली वस्तू आपण कुणाविरुद्ध वापरली नाही, हे तिने कोणत्या पंचनाम्याने सिद्ध करावे? म्हणून शक्तीच्या विनियोगाविषयीचा मुलांचा वाद मला अपुरा वाटतो. ती अमक्याजवळ आहे असे ठरविणाऱ्यांची जबानी आधी घेतली पाहिजे.

‘एन्कान्टो’ त्या वर्षी नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. त्याच्या तीन महिने आधी, 21 ऑगस्ट 2021 रोजी, पूर्वी आमच्याच तहसिलीत असलेल्या जिवतीच्या पहाडावर, वणी खुर्द गावी, भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध होते, स्त्रिया होत्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला त्याला आदल्याच दिवशी आठ वर्षे पूर्ण झाली होती. त्या खुनानंतर आधी वटहुकूम आणि मग डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळात संमत झालेला जादूटोणाविरोधी कायदा अशा प्रसंगी आरोपीची जागाच बदलतो: अमकी करणी करते म्हणून तिला मारणे, बांधणे, तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा, आणि त्याला किमान सहा महिने ते सात वर्षे कारावास, शिवाय पाच ते पन्नास हजार रुपये दंड. त्याच्या अंमलबजावणीसाठी पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. आपल्या गावात कुणा म्हातारीचे नाव असे घेतले जाऊ लागल्याचे कानी आले, तर वाचकहो, रात्र उलटू न देता त्याला कळवावे.