धाडस आणि अविचार

अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर-पाथर्डीकडच्या विहिरींचे पाणी वैशाखात खोल जाते. अशा वेळी पट्टीचे पोहणारेही पाण्याचा अंदाज घेतल्यावाचून सूर मारीत नाहीत, आणि म्हणून त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही. सूर मारणाऱ्याला जशी पाण्याची खोली लागते, तशीच विमानाच्या कसरती करणाऱ्याला उंची लागते.

डग्लस बेडर हा इंग्लंडच्या हवाई दलातील तरुण वैमानिक. कसरतींत त्याचा हातखंडा होता. जमिनीलगत कसरती करू नयेत, अशी ताकीदही त्याला मिळाली होती. तरीही १४ डिसेंबर १९३१ रोजी वुडली येथील विमानतळावर, कोणी डिवचले म्हणून, त्याने आपले लहानसे विमान जमिनीच्या अगदी जवळून नेले आणि तेथेच ते उलटे फिरवण्यास आरंभ केला. डाव्या पंखाचे टोक जमिनीला लागले व क्षणार्धात विमानाचा चुराडा झाला. बेडर वाचला, पण त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता.

एवढे कौशल्य असताना असे का व्हावे? विमान उलटू लागले, की पंखांचा आधार कमी होतो व ते खाली येऊ लागते. भरपूर उंची असेल, तर ते सावरता येते. १००० मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू जमिनीवर येण्यास १४ सेकंदांहून अधिक वेळ घेते; ३० मीटरवरून मात्र जेमतेम अडीच सेकंद! तेवढ्यात चूक ध्यानात यावी केव्हा आणि सुधारावी केव्हा? उंची ही वैमानिकाच्या गाठीची शिल्लक होय. म्हणूनच शहरावरून उडताना, उतरण्या-चढण्याची वेळ सोडली, तर जवळच्या सर्वांत उंच अडथळ्याच्याही वर किमान ३०० मीटर राहावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. खाली घरांत, शाळांत माणसे असतात. त्यांचेही प्राण त्या नियमाने राखले जातात.

पुढे बेडर कृत्रिम पायांवर चालावयास शिकला. पडला, उठला, पुन्हा चालला. दुसरे महायुद्ध सुरू होताच तो हवाई दलात परतला आणि १९४० मध्ये त्याने एका तुकडीचे नेतृत्व केले. अपंगांसाठी केलेल्या कार्याबद्दल १९७६ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला.

वुडलीला पाहणारे पुष्कळ होते. कृत्रिम पायांवरचे पहिले पाऊल त्याने टाकले, तेव्हा वाहवा करणारी गर्दी नव्हती. बेडरचे खरे धाडस त्या पावलात होते.