शेकड्याचे गणित आणि पाटण्याचा मठ

गणितात मागे पडलेल्या विद्यार्थ्याविषयी आपल्याकडे एक समज इतका रूढ झाला आहे की, पालक, शिक्षक आणि पुष्कळदा तो विद्यार्थी स्वतःही तो निर्विवाद मानतो. गणित ज्याला उपजत येते त्यालाच येते, आणि इतरांवर केलेले श्रम व्यर्थ होत, असा तो समज आहे. माझी अध्यापनाची सारी हयात धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत गेली, आणि याहून निराधार व याहून घातक समज मला दुसरा आढळला नाही. अशा मुलाजवळ गणित बहुधा असते. त्याच्या घरच्या गणिताची वहीतल्या गणिताशी गाठ मात्र कोणी घालून दिलेली नसते.

कापूस पिकविणाऱ्या घरातला आठवीचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. सात हजारांचे तीन टक्के काढताना त्याने सात हजारांना शंभराने गुणून तिनाने भागले होते, आणि दोन लाखांच्या वर गेलेले उत्तर त्याला मुळीच खटकले नव्हते. मी वही मिटली आणि कापसाच्या ओलाव्याची गोष्ट काढली. सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे बारापर्यंत चढणाऱ्या प्रत्येक टक्क्यामागे भावात शेकडा एक कपात होते, हे त्याला माझ्याहून अधिक ठाऊक होते. भाव क्विंटलला 7,000 आणि ओलावा 11 टक्के असला तर कपात किती, असे विचारताच तो अहिराणीत म्हणाला, ‘‘शंभरले तीन, हजारले तीस, सात हजारले दोनशे दहा,’’ आणि पदरात 6,790 पडतील हे त्याने न विचारताच सांगून टाकले. तेच तोंडचे बोलणे मी त्याला एकाखाली एक लिहावयास लावले आणि त्या तीन ओळींखाली सूत्र मांडले. तेव्हा गुणावयाचे कशाने आणि भागावयाचे कशाने, हे त्याचे त्यानेच दाखविले. या साऱ्याला एक संध्याकाळ लागली. साठ मुलांच्या वर्गात, घड्याळी तासाच्या आत, कोणत्या शिक्षकाला ती सवड मिळावी?

त्या मुलाने केले ते शुद्ध त्रैराशिक होते. भगवंताने जसे विश्व व्यापिले आहे तसे त्रैराशिकाने सारे गणित व्यापिले आहे, असा अभिप्राय भास्कराचार्यांनी लीलावतीत प्रकट केला आहे. आणि त्यांच्या विद्येचा आपल्या मुलखाशी असलेला संबंध शिलेवर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शके 1128 च्या शिलालेखात असे नमूद आहे की, भास्कराचार्यांचा नातू व यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदी ग्रंथांच्या अध्यापनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभ कुळातील सोइदेव या मांडलिकाने त्याला दान दिले. डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात हा शिलालेख विद्वानांच्या निदर्शनास आणला. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो अखेरचा, जुन्या मराठीतला. पाटण्याच्या पेठेत जो माल विकावयास येई त्यावर ग्राहकाकडून राजाला जे हशील मिळे ते मठाला द्यावे, आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीपळी तेल द्यावे, अशी तजवीज त्यात आहे. विद्वत्तेची वाखाणणी करणारे दरबार पुष्कळ होऊन गेले. पण शिकणाऱ्याच्या योगक्षेमाचा असा बारीक हिशेब करणारे थोडे.

आज खानदेशात विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत, खाजगी शिकवण्यांना तर तोटा नाही. पण शिकवणी ज्याला परवडते तो बहुधा आधीच पुढे असतो, आणि ज्याला खरी गरज असते त्याने आपली शंका घेऊन जावे कोठे, याचे उत्तर तालुक्याच्या गावीसुद्धा मिळत नाही. तेव्हा माझी विनंती थेट बाजार समित्यांना, जिनिंगच्या मालकांना आणि जळगावच्या सराफांना आहे: प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक खोली, एक फळा आणि संध्याकाळी दोन तास बसणारा, मुलांची बोली समजणारा एक सवेतन शिक्षक, एवढा खर्च आपण उचलावा, आणि तेथे येणाऱ्या मुलाकडून फी घेऊ नये.