सीट आधी, गाडी नंतर

घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधणाऱ्या कुणाला इंजिनबद्दल विचारा, तासभर हलू देणार नाही. सीटचं विचारलंत तर म्हणेल, ‘त्या काय, शेवटी टाकायच्या.’ माझं मत नेमकं उलटं झालंय. जमिनीला टेकलेल्या या अरुंद गाड्यांत आधी सीट ठरते. स्टिअरिंग, पेडल, काच, रोलबार सगळं तिच्यामागून.

आमची गाडी म्हणजे लोकॉस्ट. कॉलिन चॅपमननं १९५७ साली आणलेल्या लोटस सेव्हनच्या वळणाची. सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅमकडे गेले आणि तिथं ती आजही बनते, पण किंमत आपल्या खिशाची नव्हे. १९९६ साली रॉन चॅम्पियन या शाळेत शिकवणाऱ्या गृहस्थांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार कशी बांधावी याचं पुस्तक काढलं आणि ब्रिटनभर गॅरेजांतून वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या. अडीचशे पौंडांवर इथं सगळेच हसतात. पण एक इंची चौकोनी पाइपांचा सांगाडा, त्यात जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन-गिअरबॉक्स, ही कृती मात्र खरी. कोव्हेंट्रीतल्या आमच्या गॅरेजमध्ये तीच चालू होती.

सगळ्यांचा पहिला सल्ला असतो माझदा एमएक्स-५ च्या सीटचा. भंगारात मिळतात, बारीक असतात, पहिल्या पिढीच्या सीटना तर डोक्यापाशी स्पीकरसुद्धा. आमच्या पुस्तकी मापाच्या चासीत ती सीट एका बाजूला टनेलला घासत होती, दुसऱ्या बाजूला वरच्या पाइपावर चढत होती. नाद सोडला. मे महिन्यात कोव्हेंट्रीजवळ स्टोनले पार्कात किट कारचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथं दिवसभर दिसेल त्या सीटवर बसत हिंडलो. शर्यतीच्या सीटची इथं फार हौस. दोन्ही बाजूंनी खांदे आणि मांड्या आवळणारी, चकचकीत फायबरची. दिसते झकास, पण उंच कडेच्या दार नसलेल्या गाडीत ती ओलांडून आत उतरणं म्हणजे कसरत. शिवाय शर्यतीत चालणाऱ्या एफआयए प्रमाणित सीटची मुदत साधारण पाच वर्षांची असते. रस्त्यावरच्या गाडीसाठी त्या शिक्क्याचे पैसे मोजण्यात मला काही अर्थ वाटला नाही. बिनगादीचं साधं फायबरचं टरफल घेतलं, कमरेशी माझ्या मापाचं.

घेण्याआधी मात्र एक काम उरकलं होतं. चासीत प्लायवुडचा तुकडा आणि फोमचे थर ठेवून बसलो आणि काचेची वरची कड जिथं येणार तिथं आडवी सुतळी बांधली. या गाडीची काच जेमतेम वीतभर-दीड वीत उंच. जाड गादीवर बसलो की सुतळी बरोबर डोळ्यांपुढं येई, म्हणजे रस्त्याच्या जागी काळी पट्टी. आणखी एक थर टाकला की नजर काचेवरून जाई, म्हणजे वारा आणि किडे थेट तोंडावर, शिवाय डोकं रोलबारच्या वर. सगळे थर काढून केवळ पातळ पॅडवर बसल्यावर सुतळी कपाळाच्या वर गेली. सीट निवडताना सगळे पाठीचं बघतात. मी म्हणेन, आधी डोळे कुठं येतात ते बघा. याच कारणानं सीट पुढं-मागं सरकवणारे रनरही नको म्हटलं. ते खालून इंचभर तरी खातात.

रनर नाही म्हटल्यावर बायको म्हणाली, “म्हणजे मी चालवायचीच नाही?” तिची उंची पाच फूट एक इंच. तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात, आणि नजर काचेखालच्या पत्र्यात.

मधल्या काळात अण्णा कोल्हापूरहून आले. उद्यमनगरात अख्खी हयात लेथवर गेलेला माणूस. माझ्या डोक्यात होतं, आडव्या पाइपाला आरपार भोक पाडायचं, एम-८ चा बोल्ट घालायचा आणि आवळायचं. अण्णांनी पाइप बोटानं टिचकी मारून बघितला. भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास.

“अरं, आवळलास की चपटी हुईल की पाइप. आत बुश घाल.”

“अण्णा, तुम्हीच काढून देता का बुश?”

दिले. माझ्या छोट्या लेथला नावं ठेवत ठेवत. भोक मोठं पाडून बुश पाइपात आरपार बसवला, दोन्ही तोंडांना गोल वेल्ड फिरवला आणि ग्राइंडरनं साफ केला. आता बोल्ट कितीही आवळा, ताण बुशवर. पाइपाला कळतसुद्धा नाही. नुसत्या ॲल्युमिनियमच्या तळाला सीट ठोकणारेही मी पाहिलेत. पॉप रिव्हेटवर टांगलेला तो पत्रा. धडक बसली तर सीट माणसासकट त्याला फाडून पुढं जाईल. आमच्या सीटच्या दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटर पोलादी पट्ट्या, ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट. फायबरच्या बाजूला रुंद वॉशर, नाहीतर भोकाभोवती तडे जातात.

पट्ट्यांमधून मोकळे झाल्यावर अण्णांनी व्हिडिओ दाखवला: आमच्याच बाजूच्या देवराष्ट्रे गावातल्या कारागिरानं भंगारातून केलेली, किक मारून चालू होणारी जीप. तिच्या बदल्यात आनंद महिंद्रांनी त्याला नवी बोलेरो दिली होती. “तुझ्या गाडीला काय देतील?” अण्णांनी विचारलं. मी विषय बदलला.

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर सिंगल सीटर शर्यतीवाल्यांकडं सापडलं. फोम ओतून साचा करायचा. सीटमध्ये कचऱ्याची जाड पिशवी पसरायची, दोन द्रव एकत्र ढवळून तिच्यात ओतायचे, तोंड बांधायचं आणि माणसानं लगेच वर बसायचं, पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर, अगदी गाडी चालवताना बसतो तसं. वाफ छातीला वाईट, म्हणून गॅरेजचं दार सताड उघडं आणि मास्क. मिनिटभरात पिशवी जिवंत झाल्यासारखी फुगायला लागली.

“गरम लागतंय रे!”

“हलू नकोस, चाळवाचाळव केलीस तर आयुष्यभर तशीच वाकडी बसशील.”

ती उठली तेव्हा पाठीचा कणा, माकडहाड, मांड्या सगळं फोममध्ये उमटलेलं. वरचा उरलेला भाग करवतीनं कापला, त्यावर कापड चढवलं. साच्यावर बसली की ती पुढंही सरकते आणि वरही येते, सुतळी तिच्याही कपाळावर जाते. यात एक न मागितलेला फायदा झाला. खांद्यावरचे पट्टे मागं जवळपास आडवे जायला हवेत. तिथून ते खूप खाली उतरले तर धडकेत कणा दाबला जातो. साच्यामुळं तिचे खांदे जवळजवळ माझ्याच पातळीवर आले आणि एकच आडवा दांडा दोघांना पुरला.

इथं हौसेनं बांधलेल्या गाडीला रस्त्यावर यायचं तर आयव्हीए नावाची एकेका गाडीची सरकारी तपासणी लागते. २००९ पासून ती जुन्या एसव्हीएच्या जागी आहे. आमच्या तपासनिसानं टरफल धरून दोन्ही हातांनी हलवलं, गाडीखाली जाऊन टॉर्चनं बोल्ट बघितले, खांद्यावरच्या पट्ट्यांच्या वरच्या टोकाची उंची मोजली आणि आरशांकडं वळला. अण्णांच्या बुशांबद्दल एक शब्द नाही. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “मग ठीक हाय.”

आता गाडीला डिकी म्हणावी अशी जागा नाही. बायकोचा साचा काढला की ठेवायचा कुठं? शेजारच्या सीटवर तर दुसरा माणूस. म्हणून घरात नियमच झालाय: जाताना जो चालवेल, येतानाही तोच चालवणार. मागच्या रविवारी ती साचा घेऊन सकाळी सातलाच गॅरेजमध्ये जाऊन बसली होती.