व्हिसाची फाईल

ताईच्या घरी गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या कप्प्याला लागून तिची जागा आहे. पारदर्शक प्लास्टिकची, एका टिचबटणाची, पोट फुगलेली. तिला नाव नाही. 'ती फाईल कुठंय?' असं दाजींनी विचारलं की घरातल्या कुणालाही दुसरं काही आठवत नाही. न्यू जर्सीतल्या भाचीला दिवस गेले आणि 'आई-बाबा, तुम्ही दोघं यायचंच' असं तिनं फोनवर सांगितलं, त्याच आठवड्यात ही घरात आली.

स्वभावानं ती काळजीवाहू. सगळं जपते, काही विसरत नाही, पण 'पुरे' म्हणणं तिला जमत नाही. पासपोर्टच्या झेरॉक्स झाल्या, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं झाली, पेन्शनचे कागद झाले, ठेवींच्या पावत्या झाल्या. मग कुणीतरी अमेरिकेला जाऊन आलेलं घरी येतं, चहा घेता घेता विचारतं, 'सातबारा जोडलात का?' आणि दाजी दुसऱ्या दिवशी गावाकडच्या दीड एकराचा उतारा काढायला निघतात. घराची कर पावती, सोसायटीचा दाखला, जावयाच्या पगाराच्या स्लिपा, त्याच्या कंपनीचं पत्र, भाचीचं निमंत्रण. त्या निमंत्रणाच्या पत्राला घरात सर्वांत मोठा मान. प्रत्यक्षात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं स्पष्ट लिहून ठेवलं आहे की पाहुण्यांच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र किंवा आर्थिक हमीपत्र लागत नाही, आणि व्हिसा द्यायचा की नाकारायचा हे ठरवताना ते धरलंही जात नाही. पण ते पत्र फाईलमधून काढायला ताई तयार नाही. लेकीनं 'माझ्या आईला' असं लिहिलेला कागद आहे तो.

मला या फाईलबद्दल माया वाटते ती वेगळ्याच कारणानं. कागद शोधताना तिनं दोघांचं सगळं आयुष्य वर काढलं. दाजींचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. जन्मतारीख 1 जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची हीच तारीख असणार, कारण नाव घालायला आलेल्या पोराची खरी तारीख घरी कुणाला ठाऊक नसली की गुरुजी शाळा सुरू व्हायच्या हिशेबानं ती लिहून टाकत. लग्नाची पत्रिका निघाली, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. ताईचं माहेरचं नाव, जे गेल्या कितीतरी वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं, ते आता पुन्हा लिहावं लागलं. डीएस-160 हा ऑनलाइन अर्ज आधीची नावं विचारतो. आईवडिलांची नावं आणि जन्मतारखाही विचारतो. दाजींच्या आईची जन्मतारीख कुणालाच सांगता येईना. तिथं 'माहीत नाही' अशी खूण करायची सोय आहे; तीच करावी, अंदाजानं काही भरू नये.

हा अर्ज म्हणजे फाईलचा करारी थोरला भाऊ. वीसेक मिनिटं हात लावला नाही तर तो बंद होतो, म्हणून प्रत्येक पानावर भरलेलं जपून ठेवावं लागतं. गेल्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांवरची खाती सांगावी लागतात. शेवटी शेवटी तो दहशतवाद, वंशसंहार, माणसांची तस्करी यांबद्दल थेट प्रश्न विचारतो, आणि ज्या बाईनं आयुष्यभर प्राथमिक शाळेत पाढे शिकवले तिलाही प्रत्येकाला 'नाही' असं उत्तर द्यावं लागतं. फोटो दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, आणि 2016 च्या नोव्हेंबरपासून चष्म्याशिवाय. फी माणशी 185 डॉलर. व्हिसा मिळो न मिळो, ती परत येत नाही.

एवढी धास्ती कशाची, ते कायद्यात आहे. अमेरिकेच्या 1952 च्या इमिग्रेशन कायद्यातलं 214(ब) हे कलम पाहुणा म्हणून येणारा प्रत्येक जण मुळात तिथं कायमचा राहायला येतोय असंच धरून चालतं. तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे घर, पेन्शन, शेत, नातेवाईक, देवघर, सकाळचा फिरायला जायचा कट्टा, यांतलं काय काय तुम्हाला परत ओढून आणणार आहे, ते सांगायचं. फाईल हेच सांगायला जन्मली आहे. ती आत मावणारे सगळे पुरावे घेऊन मुंबईला जाते.

आधी अर्ज केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलातलं कॉन्सुलेट. 2011 पर्यंत हे ब्रीच कँडीला, समुद्रालगतच्या लिंकन हाऊसमध्ये होतं. जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून तीच रांग येते. आत मोबाईल नेता येत नाही, पिशवी नेता येत नाही. लेकीचा आवाज, जावयाचा नंबर, सगळं बाहेर राहतं. हातात राहते ती फक्त फाईल. रांगेत कितीतरी आईवडील तिला छातीशी धरून उभे असतात.

खिडकीशी पोचल्यावर मात्र बहुतेक वेळा तिचं बटण उघडतच नाही. काचेपलीकडचा अधिकारी पडद्यावरचा अर्ज बघतो आणि विचारतो: कुणाकडे चाललात? किती दिवसांसाठी? काय करता? मुलगी तिथं काय करते? मराठीतून बोलायचं असेल तर दुभाष्याची सोय असते. काही मिनिटांत निर्णय होतो. मिळाला तर पासपोर्ट ठेवून घेतात, नाही तर पासपोर्टबरोबर एक छापील पत्र हातात देतात.

नकार मिळालेली माणसं घरी आल्यावर म्हणतात, 'कागद कमी पडले.' मला हे निदान चुकीचं वाटतं, आणि त्याचा त्रास मी जवळून पाहिला आहे. अशी माणसं फाईल आणखी जाड करतात आणि तीच घोकलेली उत्तरं घेऊन पुन्हा जातात. या नकारावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थितीत किंवा सांगण्यात काही फरक नसेल तर फी तेवढी पुन्हा जाते. एजंट सांगतात, 'बाळंतपणाचं बोलू नका, नायगारा बघायला चाललो म्हणा.' हे ऐकू नका. लेकीचं बाळंतपण आहे, नातवंड बघायचं आहे, इतके महिने राहून परत येणार, हे खरं कारण आहे आणि ते सरळ सांगण्यासारखं आहे. खोटं बोलल्याचं ठरलं तर अमेरिकेचं दार जन्मभरासाठी बंद होऊ शकतं.

आणखी एक गैरसमज. भारतीयांना हा व्हिसा साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, पण ती तिथं राहायची मुदत नसते. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने. ती तारीख पाळणं हाच पुढच्या वेळचा सर्वांत भक्कम पुरावा.

परदेशी असलेल्या मुलामुलींना एवढंच सांगायचं आहे: आईवडिलांचा अर्ज रात्री घाईघाईत एकट्यानं भरून 'झालं तुमचं' असं कळवू नका. व्हिडिओ कॉल लावा, एकेक प्रश्न त्यांना मराठीत वाचून दाखवा, त्यांचं उत्तर ऐका, मग टाईप करा. अर्ज भरायला दुसऱ्याची मदत चालते, पण शेवटची सही अर्जदाराची असते, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीची जबाबदारीही त्याचीच. खिडकीशी तुमची आई एकटी उभी असणार आहे. तिच्या नावानं काय लिहिलंय ते तिला ठाऊक असू द्या.