राघवेंद्र गदगकर सरांना अनावृत पत्र

आदरणीय गदगकर सर,

मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. हे पत्र माझ्या बी.एस्सी.च्या मुलांसाठी आहे.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तुम्ही रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. केलीत आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षं रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीला दिलीत. खिडकीच्या चौकटीला, वळचणीला कागदी पोळं बांधणारी ही माशी दिसली की आम्ही झाडू शोधतो. तुम्ही एकेकीला रंगाचे ठिपके देऊन ओळख दिलीत आणि वही घेऊन समोर बसलात.

तुमचा एक प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर काढून सांगते. या माशीची राणी शांत, कुणावर धावून न जाणारी. पोळ्यावर पोट घासून सोडलेल्या गंधातून ती आपलं असणं कळवते. तिला बाजूला केलं की काही मिनिटांत एक कामकरी माशी कमालीची आक्रमक होते. राणी परत आली, तर ती मुकाट्याने कामाला लागते. नाही आली, तर साधारण आठवड्याभरात अंडी घालू लागते. राणी असताना हा वारस आपल्याला काही केल्या ओळखता येत नाही. माशांना मात्र तो ठाऊक असतो, हे तुम्ही आणि तुमच्या सहकारी अनिंदिता भद्रा यांनी पोळ्याचे दोन भाग करून, मध्ये जाळी लावून दाखवलंत. जाळी, रंग, वही आणि बैठक, एवढ्या भांडवलावर केवढं मोठं उत्तर!

आमच्या प्रात्यक्षिकांतलं प्राण्यांचं विच्छेदन 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बंद केलं, ते योग्यच झालं. पण प्रात्यक्षिकाच्या त्या तासांत आम्ही तक्ते आणि पडद्यावरची चित्रं आणली. प्राण्यांच्या वर्तनाविषयीचे टिनबर्गनचे चार प्रश्न मुलं पाठ म्हणतात. घरच्या गोठ्यातल्या गांधीलमाशीला एकही विचारत नाहीत. हा दोष मुलांचा नाही, आमच्या अभ्यासक्रमाचा आहे.

अत्यल्प खर्चातल्या प्रयोगांवरचं तुमचं 'एक्सपेरिमेंट्स इन ॲनिमल बिहेविअर' हे पुस्तक 2021 मध्ये आलं. इंग्रजीला बिचकणाऱ्या माझ्या मुलांपर्यंत ते पोचत नाही. तुमचं परिसरशास्त्र केंद्र 1983 मध्ये उभारणाऱ्या माधव गाडगीळांनी मराठीतही आवर्जून लिहिलं, म्हणून धीर करून मागते: हे पुस्तक मराठीत येऊ द्या. भाषांतराचे कष्ट आम्ही शिक्षक घेऊ. परवानगी तेवढी द्या.

आपली,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका