खुर्ची मागे घेऊ का?

मुलांनो, रेल्वेच्या स्लीपर डब्यात मधला बर्थ कधी उघडायचा, याचा चक्क नियम आहे. रात्री १० ते सकाळी ६. पूर्वी तो ९ पासून उघडता येई, २०१७ मध्ये वेळ १० ची झाली. त्याआधीच कुणी साखळ्या अडकवू लागलं, तर खाली बसलेले आजोबा नुसतं घड्याळ दाखवतात. भांडण तिथंच मिटतं.

विमानात असं घड्याळ नाही. समजा, तुम्ही मुंबईहून दिल्लीला निघालात. खुर्चीच्या हातावर एक बटण असतं. ते दाबून पाठीनं जरा रेटलं, की खुर्ची मागे कलते. फार नाही, चार-सहा बोटं. पण ती चार-सहा बोटं येतात कुठून? मागच्या माणसाच्या जागेतून!

स्वस्त तिकिटांच्या विमानांत एका खुर्चीपासून मागच्या खुर्चीपर्यंतचं अंतर साधारण २८ ते ३० इंच असतं. तुमच्या दप्तरातली पट्टी १२ इंचांची, म्हणजे फार तर अडीच पट्ट्या. त्यातच खुर्चीची जाडीही आली. घरी दोन खुर्च्या मांडून बसून बघा एकदा! शिवाय मागच्याचं जेवणाचं फळकूट तुमच्याच पाठीला जोडलेलं असतं. त्यावर गरम चहा असला तर?

यावरून मोठी माणसंसुद्धा भांडतात बरं का. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत नुअर्कहून डेन्व्हरला जाणाऱ्या विमानात एका प्रवाशानं फळकुटाच्या दांड्यांना प्लास्टिकचे चिमटे लावले. 'नी डिफेंडर', म्हणजे गुडघ्यांचे राखणदार, असं त्यांचं नाव. पुढच्या बाईंची खुर्ची मागे जाईना. शब्दानं शब्द वाढला, आणि विमान वाटेतच शिकागोला उतरवावं लागलं! दोघांनाही तिथंच उतरवलं. बाकीच्या बिचाऱ्यांना मात्र उगाच उशीर.

बटण माझ्या खुर्चीला आहे, मग ते दाबायचा हक्क माझाच, असं काहीजण म्हणतात. ते अगदीच चूक नाही. मुंबई ते लंडन नऊ-दहा तासांचा प्रवास. रात्री दिवे मंद झाले, की सगळेच खुर्च्या कलवतात. जो तो थोडा मागे सरकतो, म्हणून कुणाचं फारसं अडत नाही. पण दिल्लीच्या दोन तासांत, तेही भर दुपारी, पाठ टेकायची एवढी काय घाई? आणि तुमची उंची ती केवढी! पाचवी-सहावीतल्या मुलांचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकत नाहीत. मागे सहा फुटी काका बसलेले असले, तर त्यांचे आधीच टेकलेले असतात. (पुढच्या खुर्चीवर लाथा मारत बसणं हा तुमचा खास उद्योग, त्याबद्दल पुन्हा कधीतरी!)

एक नियम मात्र विमानातही पक्का. उडताना आणि उतरताना खुर्ची सरळच हवी. काही विपरीत घडलं, तर मागच्या ओळीतल्यांना पटकन बाहेर पडता यायला हवं ना! म्हणूनच संकटकाळच्या दारापुढच्या ओळीतल्या खुर्च्या बहुधा मागे जातच नाहीत.

अगदी शेवटच्या ओळीचीही पुष्कळदा तीच गत. मागे भिंत! पुढची खुर्ची अंगावर येते आणि आपली हलत नाही. तुमची जागा त्यांच्या पुढच्याच ओळीत आली, तर आधी मागे वळून बघा. काका जेवत नाहीत ना? मग विचारा, "काका, खुर्ची थोडी मागे घेऊ का?"

बहुतेक वेळा काका गुडघे जरा तिरपे करतात आणि म्हणतात, "घे की!"