आडनावात गाव, कागदात पलटण

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची आडनावे ओळीने वाचत गेले की जुना कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, गावागणिक डोळ्यांपुढे येतो. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, झिराडकर, तळकर, केहिमकर, दिवेकर. अशी शंभराहून अधिक आडनावे या समाजात आहेत. गाव सुटून दोन-अडीच शतके झाली, पण आडनावातून ते सुटलेले नाही. आज ही नावे ठाणे, मुलुंड, कुर्ला या पट्ट्यात भेटतात, आणि त्याहून कितीतरी अधिक इस्राएलमधल्या दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद, रामले या गावांतल्या दारांवर, हिब्रू अक्षरांत. कोकणातला तेलाचा घाणा आणि ही परमुलखातली दारे यांच्यामध्ये अनेक घराण्यांत एक शिपाई उभा असतो. घराण्याचा शोध घ्यायचा तर तिन्ही टोके जुळवावी लागतात: गाव, पलटण आणि आजचा पत्ता.

गावाच्या टोकाला कागद जवळपास नाहीच. समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्यावरच पुरली. नवगावची ती दफनभूमी आजही दाखवली जाते, आणि जगभरचे बेने इस्राएल तिथे येऊन उभे राहतात. वाचलेल्यांचे वंशज आसपासच्या गावांत पसरले, तेल गाळू लागले, मराठी बोलू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवार पाळणे, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढा ऐवज पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ग्रंथ नव्हता, वंशावळ लिहिणारा भाट नव्हता. कोणत्या घरात कोण जन्मले, हे त्या घरापुरतेच माहीत होते.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून या गावांतली माणसे मुंबईला येऊ लागली. १७४६ च्या सुमाराला आलेले दिवेकरांचे कुटुंब पहिले, असे समाजाच्या इतिहासात नोंदले आहे. मुंबईत सुतारकी होती, गवंडीकाम होते, गोदीतली कामे होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज होती. मुंबई इलाख्याच्या फौजेची भरती कोकणातून मोठ्या प्रमाणावर होई, आणि एकाच पलटणीत मराठे, महार, मुसलमान, परदेशी आणि बेने इस्राएल खांद्याला खांदा लावून उभे राहत. गावात तेल्याला असलेली पायरी कवायतीच्या मैदानावर चालत नव्हती. तिथे बढती मिळे ती नोकरीच्या वर्षांवर आणि हुशारीवर. समाज मूठभर, पण त्यातून नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि सुभेदार-मेजरपर्यंत चढलेल्या माणसांची संख्या नजरेत भरण्यासारखी आहे. १८३७ साली देशी अधिकाऱ्यांसाठी ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया हा सन्मान सुरू झाला. त्याच्या वरच्या वर्गाला ‘सरदार बहादूर’ हा किताब होता, आणि तो मिरवणारी घराणी या समाजात अजून अभिमानाने ओळखली जातात.

या सगळ्या शिपायांत ज्याची हकीकत सर्वांत स्पष्ट उरली तो सॅम्युएल इझिकेल दिवेकर. पलटणीत आणि घरात त्याचे नाव समाजी हसाजी. दुसऱ्या म्हैसूर युद्धात, म्हणजे १७८० ते १७८४ या काळात, तो मुंबई फौजेतला देशी अधिकारी होता, आणि भावांसह टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. सुटका कशी झाली याच्या एकाहून अधिक कथा आहेत. टिपूच्या आईने ‘बेने इस्राएल’ हे नाव कुराणात येते म्हणून या माणसांसाठी रदबदली केली, ही त्यांतली सर्वांत लाडकी. कैदेत असताना त्याने नवस केला होता की जिवंत सुटलो तर मुंबईत प्रार्थनालय बांधीन. १७९६ साली मांडवी भागात त्याने ते बांधले. हिब्रूत त्याचे नाव ‘शाआर हारहामीम’, दयेचे दार. लोकांनी त्याला जुनी मशीद म्हटले. शेजारच्या रस्त्याला समाजीवरून सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडले, आणि मध्य रेल्वेच्या मस्जिद स्थानकाचे नावही या प्रार्थनालयावरूनच आले असे मानले जाते. बांधकामानंतर वर्षभरात, १७९७ साली, समाजी कोचीनला वारला. तोरेच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या मिळवण्यासाठी तो तिकडे गेला होता असे सांगतात. नोकरीत मिळवलेला पैसा त्याने अशा ठिकाणी घातला की पुढच्या दोनशे वर्षांच्या लग्नांना आणि सुंतांना छप्पर मिळाले. शिपायाच्या कमाईचा याहून चांगला उपयोग दाखवणे अवघड आहे.

समाजीसारख्या माणसाचे सोपे असते. त्याच्या नावाचा रस्ता असतो. साध्या शिपायाचा माग काढायचा तर पलटणीच्या कागदात शिरावे लागते, आणि तिथे पहिला घोळ नावाचा. सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी. बायबलातली नावे कोकणी तोंडात अशी बसली की हजेरीपटावर ती शेजारच्या मराठा शिपायाच्या नावात सहज मिसळून जातात. आडनाव बहुधा नसतेच. नाव आणि बापाचे नाव लिहून गोऱ्या अंमलदाराच्या कारकुनाचे काम भागत असे. म्हणून ‘इसाजी हसाजी’ असे नाव सापडले तर पणतूला ते लगेच ओळखू येते, आणि ‘आबाजी’ एवढेच सापडले तर हा आपला की मराठ्याचा, हे ठरवायला दुसरा पुरावा शोधावा लागतो.

दुसरा घोळ नंबरांचा. १८२४ साली फेररचनेत पलटणींचे नंबर बदलले. १८९५ साली तिन्ही इलाख्यांच्या फौजा एक झाल्या. १९०३ साली सरसेनापती किचनेरच्या फेररचनेत मुंबईच्या पायदळ पलटणींच्या नंबरांत शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी. १९२२ साली पुन्हा मांडणी बदलली आणि या तिन्ही अनुक्रमे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बटालियन झाल्या. ही साखळी ठाऊक नसेल तर पणजोबा दहावीत आणि त्यांचा मुलगा ११० वीत होता म्हणजे मुलगा दुसऱ्या पलटणीत गेला, असा समज होतो. प्रत्यक्षात घर त्याच बराकीत राहिलेले असते.

अशा वेळी घरच्या पेटीत उरलेले पदक उपयोगी पडते. पदकाच्या दर्शनी बाजूकडे सगळे पाहतात, पण शोध घेणाऱ्याने त्याची कड पाहावी. मोहिमेच्या पदकांच्या कडेवर पुष्कळदा हुद्दा, नाव आणि पलटणीचा नंबर बारीक अक्षरांत ठोकलेला असतो. रोज हाताळल्याने किंवा घासून लख्ख केल्याने ती अक्षरे पुसट होतात; तिरप्या उजेडात पदक हळूहळू फिरवले की एकेक अक्षर वर येते. मग त्या नंबरावरून मोहीम, मोहिमेवरून वर्ष आणि छावणी लागते. मुंबई इलाख्याच्या लष्करी दप्तराचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत आहे, आणि इलाख्याच्या कारभाराचे दप्तर मुंबईत काळ्या घोड्याजवळ राज्य पुराभिलेखागारात. हाताशी नंबर आणि वर्ष असल्याशिवाय या दोन्ही ठिकाणी जाणे म्हणजे दिवस वाया घालवणे.

फौज जिथे गेली तिथे समाज गेला. १८३९ च्या जानेवारीत मुंबईच्या फौजेने एडन घेतले, आणि पुढची जवळपास शंभर वर्षे ते बंदर मुंबईशी आणि हिंदुस्थान सरकारशी बांधलेले राहिले. शिपायांमागून कारकून आणि त्यांची कुटुंबेही तिथे गेली. सिंध जिंकल्यावर कराची आले. कराचीचे मागेन शालोम सिनेगॉग १८९३ साली सोलोमन डेव्हिड उमरडेकर या नगरपालिकेतल्या सर्व्हेयरने बांधले. १९८८ साली ते पाडले गेले. पुण्याच्या कँपात मराठी यहुद्यांची वस्ती इतकी रुजली की १८७४ साली तिथे वल्हांडणाच्या सणाची हागादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तिच्या चित्रांत भाकरी करणाऱ्या बायका नऊवारीत आहेत. परदेशी गेलेल्या इंग्रज शिपायाच्या वंशजाला पाद्र्याच्या नोंदवहीत बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू असे तिन्ही सापडतात. या छावण्यांतल्या यहुदी शिपायाच्या घरासाठी तशी वही कोणी ठेवली नाही.

१८५७ नंतर फौजेची घडण बदलली. जातवार कंपन्या आल्या, ‘लढाऊ जाती’ कोणत्या याचे सिद्धांत आले, आणि ज्या लहान समाजाची स्वतंत्र कंपनी भरत नव्हती त्याच्यासाठी बढतीची वाट अरुंद झाली. पेन्शनरांच्या मुलांनी शाळा धरली होतीच. ती रेल्वेत, टपाल-तारखात्यात, जकातीत, इस्पितळांत शिरली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या रुळांनी वस्ती उत्तरेला सरकवली. ठाण्याचे शाआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचे दार, हे सिनेगॉग १८७९ सालचे. पुढे कुर्ल्यातही प्रार्थनालय झाले. डोंगरी-उमरखाडीतल्या चाळी सोडून माणसे उपनगरांत आली, आणि आज मुंबई परिसरातला सर्वांत मोठा बेने इस्राएल समाज ठाण्यालाच आहे. मुलुंडचे घर असले तरी सणाला पाय ठाण्याकडे वळतात.

समाजाची आठवण विखुरते आहे हे ज्याने वेळीच ओळखले तो हाईम सॅम्युएल केहिमकर. १८७५ साली त्याने मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढची माझगावची सर एली कदुरी शाळा. १८९७ पर्यंत त्याने समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून काढला, आणि त्यात फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावे मन लावून गोळा केली. पुस्तक छापले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, तेल अवीवमध्ये. आजही कोणाही सुभेदाराचा पणतू प्रथम केहिमकरांचे पुस्तक उघडतो. त्यात पुरुषांची नावे आहेत. बायका त्यातही थोड्याच.

ही उणीव किती मोठी, ते इस्राएलला गेल्यावर कळले. १९४८ नंतर समाज हजारोंनी तिकडे निघाला. पहिली वर्षे हालाची होती. वागणुकीला कंटाळून बीरशेबातल्या काही कुटुंबांनी १९५१ साली धरणे धरले, परत पाठवा म्हणून. १९५२ साली काही जण भारतात परत आलेही, आणि त्यांतले बरेच पुढे पुन्हा गेले. खरा घाव १९६२ चा. तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदणाऱ्यांना आदेश दिला की वधू किंवा वर बेने इस्राएल असेल तर आई, आजी आणि शक्य तितके मागे जाऊन यहुदीपणाची चौकशी करावी. यहुदी धर्मशास्त्रात वंश आईकडून चालतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे हजेरीपटावर, पदकांवर, किताबांच्या यादीत होती, त्यांना पणजीचे नाव विचारले गेले. लग्नाच्या करारनाम्यातही, केतुबात, वधूच्या नावापुढे बापाचे नाव असते. कागदाच्या बळावर हा प्रश्न सुटणारा नव्हता, आणि तो एकाच समाजाला विचारला जात होता, हे त्यातले सर्वांत कडू. १९६४ च्या उन्हाळ्यात समाज जेरुसलेमला रस्त्यावर उतरला. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी संसदेत बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे सांगितले, आणि त्यानंतर धर्मपीठाने आदेशातून समाजाचे नाव काढले.

आईचा वंश कुठे जपला गेला होता, तर घरात. मलिदा हा विधी जगात दुसऱ्या कोणत्याही यहुदी समाजात नाही. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, वर फळे आणि गुलाबाच्या पाकळ्या असे ताट एलियाहू हानाबी या पैगंबराच्या नावाने मांडतात: नवस फेडताना, लग्नाआधी, दूरच्या प्रवासाला निघताना. अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या चाकांच्या मानतात. तिथेही नवसाचे मलिदे होतात. बायकांनी वह्यांत उतरवलेली मराठी गाणी आणि कीर्तने दिमोना-अश्दोदपर्यंत गेली. इस्राएलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघत आले.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने समाजात यहुदी आणि भारतीय अशी दोन्ही मुळे मिसळलेली असल्याचे दाखवले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण जनुके समाजाचे मूळ सांगतात. अमुक सुभेदाराची बायको कोण, ते सांगत नाहीत. त्यासाठी घरातल्या वयस्कर बाईला एकच प्रश्न विचारावा लागतो, माहेर कुठले. तिचे, तिच्या आईचे, तिच्या आजीचे. आडनावात गाव असल्याने प्रत्येक माहेराबरोबर रायगडातले एक गाव हाती लागते. दिवेकरांच्या घरात पेणकरांची मुलगी, तिची आई झिराडकर, तिची आई रोहेकर, असे चार-पाच पिढ्या मागे जाता येते, आणि प्रत्येक पिढीला त्या काळातली छावणी ताडून पाहता येते. मूल पुण्यात झाले की कराचीत, हे आजीला आठवत असते. त्या वर्षी पलटण तिथे होती का, हे दप्तर सांगते. दोन्ही जुळले की वंशावळीत त्या बाईचे नाव नवऱ्याच्या नावाशेजारी, तिच्या गावासकट लिहिता येते.